वाचकांचे प्रश्न : आर.व्ही.चे ऑनिंग बटणाचे घ्यावे की हाताचे?

प्रश्न : आम्ही दोघे टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. यंदा निवृत्त झालो असून 26 फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायची आर.व्ही. (चाकांवरचे फिरते घर), घेण्याचा आमचा विचार आहे. पुढच्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्याहून सासूबाई, धाकटे दीर आणि जाऊबाई येणार आहेत. त्यांना घेऊन न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि युटा असा महिनाभराचा प्रवास करायचा आहे. आम्हाला दोन ट्रेलर पसंत पडले आहेत. एकाचे ऑनिंग (सावलीसाठी भिंतीतून बाहेर पसरायचे कापडी छत) हाताने ओढून उघडावे लागते, दुसऱ्याचे बटण दाबताच बाहेर येते. यजमानांच्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली आहे. विक्रेता म्हणतो की हाताचे ऑनिंग आता कोणी घेत नाही, तर आमचे अनुभवी शेजारी म्हणतात की मोटर म्हणजे उद्याच्या दुरुस्तीला आजच दिलेले आमंत्रण. दोघांपैकी कोणाचे ऐकावे?
— एक वाचक भगिनी, डॅलस परिसर

उत्तर : तुमच्या प्रवासाचे महिने आणि यजमानांचा खांदा या दोन्ही गोष्टी लक्षात घेता बटणाचे ऑनिंग घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र विक्रेता ज्या सोयीसाठी ते घ्यायला सांगतो, तिला मी दुय्यम मानतो. ऑनिंग उघडताना आपल्याला घाई नसते. गाडी लावलेली असते, चहा ठेवलेला असतो, त्यामुळे पाच मिनिटे अधिक लागली तरी काही बिघडत नाही. घाई होते ती बंद करताना, आणि मोटरचा खरा उपयोग तिथेच आहे.

ज्यांनी हाताचे ऑनिंग वापरलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. ट्रेलरच्या भिंतीवर, छताच्या कडेला, गुंडाळलेल्या कापडाची लांब नळी दोन बाजूंच्या दांड्यांवर बसवलेली असते आणि नळीच्या आत ताणलेली स्प्रिंग असते. आधी दांड्यांमागचे स्क्रू सैल करावे लागतात, मग आकड्याच्या काठीने नळीवरची खिट्टी फिरवावी लागते आणि कापडाच्या मधोमध लोंबणारा पट्टा धरून सगळे बाहेर ओढावे लागते. त्यानंतर वरच्या कांबी सरकवून कापड ताणायचे, स्क्रू आवळायचे आणि दोन्ही पाय एकेक करून उंच करायचे. बंद करताना हाच क्रम उलटा असतो. फरक इतकाच की आता स्प्रिंग कापडाला आत खेचत असते आणि तो पट्टा हातात घट्ट धरून नळीला सावकाश आत जाऊ द्यावे लागते. पट्टा निसटला तर नळी धाडकन भिंतीवर आदळते. सराव असलेल्या दोघांना हे काम तीन-चार मिनिटांत जमते. वारा सुटलेला असताना, एक खांदा दुखरा असताना आणि आत सासूबाई काळजीने हाका मारत असताना तीन-चार मिनिटे फार होतात.

बटणाच्या ऑनिंगमध्ये स्प्रिंगची जागा मोटर घेते. ही मोटर ट्रेलरच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालते, त्यामुळे कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी असो वा नसो, तिला फरक पडत नाही. ग्रँड कॅनियनच्या दक्षिण कड्यावरच्या मेदर कॅम्पग्राउंडमध्ये विजेची जोडणी मिळत नाही आणि शेजारच्याच ट्रेलर व्हिलेजमध्ये मिळते. ऑनिंग दोन्हीकडे सारखेच चालेल. बॅटरीवर भारही नगण्य पडतो. मोटर 10 अँपिअर वीज ओढते असे धरले आणि ती मिनिटभर चालली, तरी खर्च एका अँपिअर-तासाच्या सहाव्या हिश्श्याइतकाच होतो.

आता दुसरी बाजू. चारचाकीची डिकी उघडल्यावर तिला वर धरून ठेवणारे गॅसचे दांडे तुम्ही पाहिले असतील. बटणाच्या बहुतेक ऑनिंगांत कापड ताणून धरण्याचे काम तसलेच दोन दांडे करतात. त्यांना कुलूप नसते. कापडावर हाताने जोर दिला तर दांडा दबतो आणि हात काढला की पुन्हा पसरतो. वाराही नेमके हेच करतो. हाताच्या ऑनिंगचे पाय भिंतीवरून सोडवून जमिनीवर उभे करता येतात आणि खुंट्या ठोकून पक्के करता येतात. मोटरच्या बहुतेक ऑनिंगांना हा आधार नसतो, त्यांचे हात भिंतीला जखडलेले असतात. तुमच्या शेजाऱ्यांनी हा मुद्दा मांडला असता तर मी त्यांना पूर्ण गुण दिले असते.

वाऱ्याचा जोर किती असतो, हे आकड्यांत पाहिलेले बरे. 16 फूट लांबीचे ऑनिंग 8 फूट बाहेर आले तर 128 चौरस फुटांचे शीड तयार होते. ताशी 20 मैलांचा वारा त्याच्याखाली सरळ भरला, तर सुमारे 60 किलोचा रेटा बसतो. वारा ताशी 40 मैल झाला की रेटा दुप्पट न होता चौपट होतो, म्हणजे जवळपास 240 किलो. हा सगळा भार चार-सहा स्क्रूंनी ट्रेलरच्या पातळ भिंतीला जोडलेल्या दोन दांड्यांवर येतो. त्यामुळे वाऱ्याची झुळूक वाढून कापड फडफडू लागले की ऑनिंग आत घ्यावे. ‘अजून थोडा वेळ पाहू’ असे म्हणू नये.

तुम्ही ज्या काळात जाणार आहात तो नैर्ऋत्य अमेरिकेतील मान्सूनचा काळ आहे. तिथले हवामान खाते 15 जून ते 30 सप्टेंबर हे दिवस मान्सूनचे मानते. या पावसाची तऱ्हा आपल्या आषाढातल्या संततधारेसारखी नसते. तो आपल्याकडच्या वळवासारखा येतो. दुपारपर्यंत आकाश निरभ्र, मग डोंगरामागून काळे ढग आणि पावसाच्या पहिल्या थेंबाआधी सुटणारा गार, धुळीने भरलेला वारा. साताऱ्याच्या सासूबाई तो वारा अंगावर येताच ओळखतील, आणि त्यांनी ‘आत घ्या’ म्हटले की लगेच आत घ्यावे. ढग दिसल्यापासून वारा येईपर्यंत कधीकधी दोन-तीन मिनिटेच मिळतात. अशा वेळी दारातूनच बटण दाबून मिनिटभरात कापड आत घेता येणे ही चैन नव्हे.

आणखी एक गोष्ट अनुभवातून सांगतो. काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात आम्ही न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्सजवळ मुक्कामाला होतो. तेव्हा आमच्याकडे हाताचे ऑनिंग होते. सकाळी हवा शांत होती म्हणून ते उघडेच ठेवून आम्ही अलामोगोर्डोला भाजी आणायला गेलो. परतलो तेव्हा अख्खे ऑनिंग छतावर उलटे पडले होते, एक दांडा पिळलेल्या कपड्यासारखा वळला होता आणि छतावरच्या झरोक्याचे झाकण फुटले होते. वसंतात त्या भागात दुपारी जोराचा वारा सुटतो, हे शेजारच्या गृहस्थांनी आदल्या संध्याकाळी सांगितले होते, तरीही मी ऐकले नव्हते. तिथे मोटर असती तरी काही उपयोग झाला नसता, कारण बटण दाबायला आम्ही तिथे नव्हतो.

यावर उपाय म्हणून विक्रेते वाऱ्याचा सेन्सर सुचवतात. काही सेन्सर वाऱ्याचा वेग मोजतात, तर काही नळीला बसणारे हादरे ओळखतात. मर्यादा ओलांडली की ऑनिंग आपोआप आत येते. मिळत असेल तर सेन्सर जरूर घ्यावा, पण त्याच्या भरवशावर गाडी सोडून जाऊ नये. वारा सुटल्यानंतरच सेन्सरला तो कळतो आणि कळल्यानंतरही कापड आत यायला वेळ लागतो. वळवाचा पहिला झोत तेवढा वेळ देत नाही. ऑनिंग उघडे ठेवून दूर जाऊ नये, ही सूचना उत्पादकांच्या पुस्तिकांतही असते. मी तीत रात्रीची भर घालतो. झोपण्याआधी ऑनिंग आत घ्यावे, आकाशात चांदणे असले तरी.

पावसाचा विचार वेगळा करावा लागतो. 128 चौरस फुटांवर 25 मिलिमीटर पाऊस पडला तर जवळपास 300 लिटर, म्हणजेच 300 किलो पाणी होते. उतार असेल तर ते वाहून जाते. कापड सपाट राहिले की मधोमध डबके साचते, त्याच्या वजनाने खळगा वाढतो आणि वाढलेल्या खळग्यात आणखी पाणी येते. हाताच्या ऑनिंगमध्ये एक पाय खाली केला की उतार मिळतो. मोटरच्या काही ऑनिंगांना असा उतार देता येतो आणि काहींत पाण्याच्या वजनाने एक बाजू आपोआप झुकते, पण स्वस्त मॉडेलांत यांपैकी काहीच नसते. तुमच्या ट्रेलरमध्ये यांतले काय आहे, हे पैसे देण्याआधी उतार करून दाखवायला सांगूनच ठरवावे.

शेजाऱ्यांच्या दुरुस्तीच्या मुद्द्यातही तथ्य आहे. बॅटरी उतरली, फ्यूज उडाला किंवा मोटर जळाली तर उघडलेले ऑनिंग उघडेच राहते, आणि ते तसे ठेवून ट्रेलर हलवता येत नाही. म्हणून खरेदीच्या वेळी विक्रेत्याला एकच प्रश्न आग्रहाने विचारावा : मोटर बंद पडली तर हे हाताने कसे गुंडाळायचे? काही मॉडेलांत मोटरच्या टोकाला रबरी बूच असते; ते काढून बॅटरीवर चालणारे ड्रिल लावले की नळी फिरते. काहींत वेगळी बॅटरी जोडण्याची सोय असते. काहींत मात्र मोटर सोडवून दोघांनी शिडीवर उभे राहून नळी फिरवणे एवढाच मार्ग उरतो. हे तोंडी ऐकून घेऊ नये. समोर करून दाखवायला सांगावे आणि मोबाइलवर त्याचे चित्रीकरण करून ठेवावे.

हाताचे ऑनिंग दुरुस्तीला अगदी सोपे असते, हा समज मात्र तितकासा खरा नाही. कापड बदलताना नळीतली ताणलेली स्प्रिंग आधी पिनने अडवावी लागते. ते न करता टोकाचे झाकण काढणाऱ्याची बोटे जायबंदी होऊ शकतात.

शेवटचा मुद्दा रस्त्यावरचा. हाताच्या ऑनिंगला प्रवासात लावायची खिट्टी असते. मोटरच्या ऑनिंगला बहुधा मोटरचे गिअरच धरून ठेवतात. ते झिजलेले असतील किंवा नळी पूर्ण आत गेली नसेल, तर हमरस्त्यावर समोरचा वारा कापडाची कड पकडतो. अमेरिकेत ऑनिंग ट्रेलरच्या उजव्या बाजूला असते, म्हणजे चालकापासून दूर. म्हणून निघण्याआधी एकाने उजव्या बाजूने चालत जाऊन दोन्ही टोके भिंतीला चिकटली आहेत ना, हे हात लावून पाहावे. दांड्यांभोवती बांधायचे पट्टे बाजारात मिळतात, तेही बांधावेत. बांधलेले पट्टे न सोडता बटण दाबले तर मोटरवर ताण येतो, म्हणून घरच्या सगळ्यांना दिसेल अशी चिठ्ठी बटणाजवळ चिकटवून ठेवावी.

प्रश्न : आमच्या मोटरहोमचे ऑनिंग पावसात घाईने ओले गुंडाळावे लागले आणि आठवड्याने उघडले तेव्हा कापडावर काळे ठिपके दिसले. कापड बदलावे लागेल का?
— एक वाचक, सिएटल

उत्तर : ठिपके वरवरचे असतील तर बदलण्याची गरज नाही. ऑनिंगला व्हायनिल आणि विणलेले ॲक्रिलिक अशी दोन प्रकारची कापडे येतात. व्हायनिलमधून पाणी आरपार जात नाही, पण ओले गुंडाळले की ओल आतच कोंडते आणि बुरशी धरते. ॲक्रिलिकमधून हवा खेळते, त्यामुळे ते लवकर वाळते. मात्र पाऊस चालू असताना त्याला खालून हात टेकवला तर तिथून पाणी झिरपू लागते. दोन्ही कापडे कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रशने धुवावीत आणि पूर्ण वाळल्यावरच गुंडाळावीत. ब्लीचने शिलाईचा दोरा कमजोर होतो, म्हणून कापडाच्या उत्पादकाने सांगितल्याशिवाय ते वापरू नये. ओले गुंडाळावे लागणे कोणाला चुकत नाही. ऊन पडलेल्या पहिल्याच दिवशी पुन्हा उघडावे, पुढच्या सहलीची वाट पाहू नये.

प्रश्न : आमचे बटणाचे ऑनिंग अचानक उलटे वागू लागले आहे. ‘बंद’चे बटण दाबले तर ते बाहेर जाते आणि ‘उघडा’चे दाबले तर आत येते. तारांची अदलाबदल झाली असेल का? दुरुस्तीवाल्याने नवी मोटर सांगितली आहे.
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : नवी मोटर घेण्याआधी थोडे थांबा. कोणी तारांना हात लावला नसेल, तर बहुधा कापड नळीवर उलट्या बाजूने गुंडाळले गेले आहे. कापड पूर्ण बाहेर आल्यावरही बटण दाबून धरले की काही मॉडेलांत नळी त्याच दिशेने फिरत राहते. सगळे कापड संपले की ते दुसऱ्या बाजूने नळीवर चढू लागते आणि ऑनिंग आत येताना दिसते. घरातल्या मुलांनी बटणाशी खेळ केल्यावर हे नेहमी घडते.

खात्री करण्यासाठी बाहेरून नळीकडे पाहा. पूर्वी कापड नळीच्या वरून येत असेल आणि आता खालून येताना दिसत असेल, तर निदान पक्के झाले. वारा नसलेल्या सकाळी दोघांनी मिळून हे काम करावे. एकाने ‘बंद’चे बटण दाबून धरावे, ऑनिंग आधी बाहेर जाईल, त्याला जाऊ द्यावे. कापड संपते त्या क्षणी ते मधोमध ढिले होऊन लोंबू लागेल. दुसऱ्याने त्या वेळी ते तळहाताने वर उचलून सारखे धरावे, म्हणजे पहिला वेढा सुरकुती न पडता बसेल. बोटे नळी आणि कापड यांच्या मधे जाऊ देऊ नयेत. बटण न सोडता तसेच दाबून ठेवले की नळी कापड योग्य बाजूने घेऊ लागेल आणि ऑनिंग आत येईल. पुढच्या वेळी उघडताना कापड ताणले गेल्याचे दिसताच बोट बटणावरून काढावे.