आधी घोडा, मग चहा

काश्मीरमधल्या सोनमर्गहून विषनसर, गडसर, सतसर, गंगाबल ही तळी करत नारानागला उतरायचं ठरवलंयस, सामानाला दोन घोडे घेऊन. तंबूचं तुझं तू बघशीलच, मी घोड्यांचं सांगतो.

मुक्कामाला पोचलास की आधी ओझं उतरव. खोगीर मात्र लगेच ओढू नकोस; तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, सैल कर, पाठ जरा निवू दे. मग खोगीर काढून उघडा तळहात पाठीवरून हळूहळू फिरव. कुठे गरम लागलं, सूज जाणवली किंवा घोड्याने कातडी थरथरवली, तर तिथे जखम होणार हे समज. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर ओझं नको, तुला स्वतःला वाहावं लागलं तरी चालेल. ओझं लादताना दोन्ही बाजूंचं वजन हाताने तोलून सारखं कर. माझ्या पहिल्या ट्रेकला मी हे केलं नाही, खोगीर एका अंगाला घसरलं आणि ती सोललेली पाठ अजून डोळ्यांसमोर आहे.

घोड्याला दिवसाला 20 ते 40 लिटर पाणी लागतं. ते तळ्यात नको, खालच्या ओढ्यावर पाज. तळ्याचं पाणी सगळे पितात. विषनसरला बांधायला झाड नाही, तिथे घोडेवाले पुढचे पाय बांधून चरायला सोडतात. ते त्यांनाच करू दे, लांब दोरात पाय अडकतो.

रात्री घोडा सारखा लोळायला लागला, पोटाकडे वळून बघायला लागला, तर पोटशूळ समज आणि घोडेवाल्याला तेव्हाच उठव. सकाळची वाट बघू नकोस.