तारीख उलटून चार दिवस झाले, कळा आणायच्या का थांबायचं?

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पहिली खेप, 40 आठवडे 4 दिवस झालेत, बाकी सगळं ठीक आहे. डॉक्टर मॅडम म्हणतात 41 आठवडे पूर्ण झाले की ॲडमिट व्हा, कळा आणू. घरचे म्हणतात थांबा. त्यात माहेर पन्हाळ्याच्या वाटेवर आणि दवाखाना कोल्हापुरात. मी डॉक्टर नाही, पण 2021 च्या जुलैत मी अगदी अशीच अडकले होते, तेही त्याच वाटेवरच्या गावात, म्हणून लिहिते.

आमच्या आज्जीचा निकाल तयार होता. "पिकलेलं फळ आपसूक पडतंय, हलवून कशाला पाडायचं? मी सांगतो तुला, नऊ महिने नऊ दिवस भरू देत." (आमच्याकडं बायकाही 'मी सांगतो'च म्हणतात.) गंमत म्हणजे दवाखान्याचा हिशेबही नऊ महिने सात दिवसांचाच असतो, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस. पण हा हिशेब 28 दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचा. माझी 35 दिवसांनी यायची, त्यामुळं दहाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत तारीख आठ दिवस पुढं गेली. पाळीवरूनच मोजत बसले असते तर तारीख उलटायच्या आधीच उलटली म्हणून घाबरले असते.

म्हणून आधी फाईल काढा आणि पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी शोधा. तुमची तारीख तीच. नवव्या महिन्यातल्या रिपोर्टवर '38 आठवडे' छापलेलं असलं तर तो बाळाच्या मापावरून काढलेला अंदाज असतो, त्यावरून दिवस मागं ढकलायचे नसतात. माझ्या नणंदेच्या फाईलमध्ये तीन सोनोग्राफींच्या तीन तारखा होत्या आणि घरात ज्याला जी आवडेल ती त्यानं धरलेली.

आता 41 च का? बाळाला वारेतून रक्त मिळतं आणि दिवस भरल्यावर वार हळूहळू थकते. काहींचं बाळाभोवतीचं पाणी कमी होतं, काही बाळं पोटातच शी करतात. बहुतेक बाळं तरीही सुखरूप असतात, धोका थोडाच वाढतो, पण 41 नंतर वाढतो हे खरं. जागतिक आरोग्य संघटना 41 आठवडे नक्की भरले असतील तर कळा आणायला सांगते. स्वीडनमध्ये सुमारे 2,760 बायकांवर एक अभ्यास झाला, 2019 मध्ये छापून आला. निम्म्यांना 41 ला कळा आणल्या, निम्म्यांना 42 पर्यंत थांबवलं. थांबलेल्यांपैकी सहा बाळं दगावली, दुसऱ्या गटातलं एकही नाही, आणि अभ्यास मध्येच थांबवावा लागला. हे वाचल्यावर माझा फळाच्या दाखल्यावरचा विश्वास उडाला.

"कळा आणल्या की सिझर ठरलेलंच" हे तुम्हालाही दहा जणींनी सांगितलं असेल. त्या स्वीडनच्या अभ्यासात दोन्हीकडं सिझरचं प्रमाण जवळपास सारखंच होतं. पण तिथं बायकांना वेळ दिला जातो, आणि खरी मेख इथंच आहे. गर्भपिशवीचं तोंड मऊ झालेलं नसेल तर पहिलटकरणीला एक-दीड दिवस सहज लागतो. सकाळी तोंड मऊ करायचं जेल लावून संध्याकाळी "प्रगती नाही" म्हणून सिझरला आत घेणार असतील तर भीती खरी ठरते. म्हणून मॅडमना सरळ विचारा: तोंड किती उघडलंय, मऊ आहे का? जेलनं सुरुवात कराल, गोळीनं का तोंड उघडायला आत ठेवतात त्या फुग्यानं? आणि बाळाचे ठोके चांगले असतील तर मला किती तास द्याल? विचारायला लाजू नका. मी लाजले होते.

माझं असं झालं. संध्याकाळी जेल लावलं, सहा तासांनी परत लावलं. रात्रभर नुसती कंबर दुखत होती. सकाळी पाणमोट फोडली, सलाईनमधून कळांचं औषध सुरू केलं आणि मग मात्र कळांनी दम घेऊ दिला नाही. आपसूक येणाऱ्या कळा चढत चढत येतात, या एकदम अंगावर येतात. पोटाला पट्टे बांधून ठोके बघत होते, त्यामुळं फिरता येत नव्हतं. जेल लावल्यापासून 26 तासांनी मुलगी झाली, नॉर्मल. राग आला तो एकाच गोष्टीचा: इतका वेळ लागतो हे कुणीच आधी सांगितलं नव्हतं. बाहेर आई "अजून कसं नाही, अजून कसं नाही" करत अर्धी झाली होती.

तुम्ही 41 पर्यंत थांबताय तर त्यात काही चूक नाही, पण एनएसटी (पोटाला पट्टे बांधून बाळाचे ठोके बघतात ती तपासणी) आणि बाळाभोवतीच्या पाण्याची तपासणी चुकवू नका. तोंड थोडं उघडलं असेल तर मॅडम आतून बोट फिरवून पाणमोटेचा पडदा सैल करतात, दुखतं, थोडं रक्तही जातं, पण काहींना त्यानंच कळा सुरू होतात. एरंडेल मात्र पिऊ नका. जुलाब आणि उलट्यांनी गळून गेलेल्या अंगानं कळा कशा द्यायच्या? आणि "शेवटी शेवटी बाळ कमीच हलतं" यावर विश्वास ठेवू नका. हालचाल कमी वाटली, पाणी गेलं, रक्त गेलं तर सकाळची वाट न बघता निघा. आधी सिझर झालेलं असेल किंवा बीपी, शुगर असेल तर हा सगळा हिशेबच वेगळा, पण तुमचं तसं नाही.

राहिला रस्ता. हे तुम्हाला स्वीडनवाले सांगणार नाहीत. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांला गेलं की इशारा, 43 ला धोका, पण आपल्या वाटेला त्याच्याही आधी नदीकाठच्या रेडेडोहाची काळजी. तो फुटला, म्हणजे तिथून पुराचं पाणी रस्त्यावर आलं, की केर्ली गावाकडून कोल्हापुरात येणारी गाडी अडलीच. मी ॲडमिट झाले आणि दोन दिवसांत आमच्या गावचा रस्ता पाण्याखाली गेला. आज्जीला पणती दिसली ती पाणी उतरल्यावर. तुमची तारीख जुलै-ऑगस्टातली असेल तर 41 ची वाट माहेरी न बघता शहरात कुणा नातेवाईकाकडं बघा. बॅग, फाईल आणि रक्तगटाचा कागद घेऊन आजच या.