मागच्या एसीचा आवाज: आधी नुसती चावी फिरवून बघा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २०१६ची सात सीटर डिझेल, गेल्या वर्षी सांगलीकडून सेकंडहँड घेतलेली. चावी फिरवली की मागून टकटक. मागचा पंखा दोनवर नेला की खरखर. पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढायला लागलं की मागच्या झडपांतून शूऽऽ असा आवाज, आणि पुढं गारठा असताना मागं कोमट हवा. साताऱ्यातला गॅरेजवाला म्हणतोय, आधी गॅस भरू, नाही जमलं तर मागची मोटर बदलू.

मी मेकॅनिक नाही. सांगलीत दोन सात सीटर भाड्यानं चालवतो, लग्नाची वऱ्हाडं आणि देवदेव. मागच्या सीटवरची मंडळी तक्रार करण्यात पटाईत असतात, त्यामुळं मागच्या एसीनं मला जेवढं पिडलंय तेवढं क्लचनं नाही. तुम्ही एक आवाज म्हणून जे लिहिलंय ते तीन आवाज आहेत, आणि माझा अंदाज असा की दुखणीही तीन आहेत. गॅस आणि मोटर एका दमात सांगणाऱ्यानं त्यातलं एकही नीट ऐकलेलं नाही.

आज संध्याकाळी हे करा. गाडी अंगणात लावा, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा. बंद केल्या केल्या आतून बारीक फुसफुस येत राहते, ती पाइपातल्या गॅसचा दोन बाजूंचा दाब सारखा होत असतो म्हणून. तिच्यावरून काही ठरवू नका. मग काचा वर, पुढचा पंखा बंद किंवा अगदी कमी, घरातल्या कुणाला तरी शेवटच्या सीटवर बसवा. इंजिन सुरू न करता नुसती चावी ऑन, आणि मागचा पंखा एक, दोन, तीन असा नेत जा. पाच-सात मिनिटांच्या वर नको, बॅटरी उतरेल.

इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर, गॅस दाबून फिरवणारा पंप, बंद, आणि कॉम्प्रेसर बंद म्हणजे गॅस जागेवर. एवढं करूनही खरखर आली तर गॅस, बेल्ट, पाइप सगळे निर्दोष सुटले. राहिला फक्त पंखा आणि त्याचं घर. एवढ्यात निम्मा निकाल लागतो आणि रुपया खर्च होत नाही.

आता खरखर कशी आहे ते ऐका. थंड गाडीत सकाळी चिरचिर आणि दहा मिनिटांत गायब, तर मोटरचं बुश, म्हणजे तिचा दांडा ज्यात फिरतो ते कडं, कोरडं पडलंय. वळणावर गाडी कलली की आवाज बदलतो, तर बुश झिजलंय आणि मोटर खरोखरच जायला आलीय. पण टिक-टिक-टिक अशी लय असेल आणि पंख्याबरोबर ती लय वाढत असेल, तर मोटर विकत घेऊ नका. आत काहीतरी पडलंय.

हे मी मोटर बदलून शिकलो. तीन वर्षांपूर्वी लग्नसराईत माझ्या एका गाडीचा मागचा पंखा असाच वाजायला लागला. त्या गाडीत मागचं युनिट छतात नाही, शेवटच्या सीटच्या बाजूला प्लास्टिकच्या पॅनलमागं आहे, आणि हवा ओढणारी जाळी खाली, पोरांच्या हाताच्या उंचीवर. गॅरेजनं मोटर बदलली, पैसे घेतले. जुनी मोटर मी पिशवीत घालून घरी आणली, ओट्यावर ठेवली आणि तिला बॅटरीच्या वायरी लावल्या. काही आवाज नाही, लोण्यासारखी फिरली. दुसऱ्या दिवशी तासगावच्या भाड्यात नवी मोटर तशीच टिकटिकली. शेवटी रविवारी मीच पॅनल काढलं. पंख्याच्या गोल पिंजऱ्याखाली पिवळ्या-गुलाबी ज्वारीचे अकरा दाणे. अक्षता! आपल्याकडं ज्वारीच्या वाटतात, माहीत आहेच. हातात उरलेल्या अक्षता कुठल्यातरी करवलीनं जाळीतून एकेक करून आत सोडल्या होत्या. तांदूळ असता तर एका कोपऱ्यात पडून राहिला असता. ज्वारी गोल, ती पात्यांच्या वाऱ्यानं गरागरा फिरते आणि पिंजऱ्यावर आपटते. दाणे काढले, आवाज बंद. जुनी मोटर अजून माळ्यावर आहे.

बऱ्याच गाड्यांत मागच्या युनिटला पुढच्यासारखा फिल्टर नसतो, त्यामुळं काहीही थेट आत जातं. मार्केट यार्डातून हळदीची पोती वाहणाऱ्या एका ओळखीच्या गाडीत पात्यांवर हळदीचा थरच बसला होता. तोल गेला की पंखा घुमतो. तिथं ब्रश आणि फडकं पुरतं.

टकटकीचं वेगळं आहे. पंखा बंद असतानाही, चावी ऑन केल्या केल्या दहा-पंधरा सेकंद येऊन थांबत असेल, तर ते गार-गरम हवा वळवणारी आतली झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरचं काम आहे. अॅक्चुएटर म्हणतात. आत प्लास्टिकचे दातेरी चक्र असतात. एखादा दाता तुटला किंवा झडप अडकली की मोटर ढकलत राहते आणि दाते घसरतात, त्याची टकटक. मागं गार-गरम करायचा खटका असेल तर तो या टोकाकडून त्या टोकाला नेऊन बघा, टकटक लगेच जागी होईल. मागं नुसता पंख्याचाच खटका असेल तर मात्र अशी मोटर बहुधा नसतेच, मग टकटक दुसरीकडं शोधावी लागेल. त्रासदायक आहे, पण गाडी यानं थांबत नाही. घाई नको.

खरी काळजी मला त्या शूऽऽची वाटते.

मागं स्वतःचा कूलिंग कॉइल, म्हणजे हवा गार करणारी नळ्यांची जाळी, आहे म्हणजे त्याचा स्वतःचा एक्स्पान्शन व्हॉल्व्हही आहे. पुढून द्रवरूप गॅस बारीक पाइपातून गाडीच्या पोटाखालून मागं येतो आणि त्या व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून फवारला जातो. द्रव पुरेसा असेल तर आवाज असतो, पण पंख्याच्या वाऱ्यात विरून जातो. गॅस कमी पडला की द्रवाबरोबर बुडबुडे येतात आणि शिट्टीसारखा फुत्कार ऐकू येतो. घाटात इंजिनचे फेरे वाढतात तसा कॉम्प्रेसरही जोरात फिरतो, म्हणून तिथं जास्त. दोन कॉइलच्या गाडीत गॅस कमी झाला की बहुतेक वेळा आधी मागचीच हवा कोमट होते. तुमचं वर्णन याच्याशी जुळतं. म्हणजे गॅस कमी आहे हे गॅरेजवाल्याचं म्हणणं कदाचित बरोबरही असेल. पण गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गेला, आणि ते भोक न शोधता भरला तर दिवाळीपर्यंत परत जाईल. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही जातं, आणि कोरडा कॉम्प्रेसर पडला तर आजच्या खर्चाला तुम्ही स्वस्त म्हणाल.

गळती बघायची जागा म्हणजे पोटाखालचे ते दोन अॅल्युमिनियमचे पाइप, एक बारीक, एक जाड. गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घ्या, नुसत्या जॅकवर असताना खाली शिरू नका. पाइप धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पच्या आत चिखल साचून राहतो आणि तिथंच पाइप खातो. जिथं तेलकट, धूळ चिकटलेला काळा डाग दिसेल तिथं साबणाचं पाणी लावा. बारीक गळतीला बुडबुडा येत नाही, तिथं लीक डिटेक्टर किंवा रंग घालून निळ्या उजेडाच्या टॉर्चनं बघणारा माणूस गाठा. त्याच वेळी क्लॅम्पमधली रबरं आहेत का बघा. रबर गेलं की पाइप पत्र्याला टेकतो, आणि पुढच्या कॉम्प्रेसरची घरघर थेट तिसऱ्या सीटखाली ऐकू येते.

आणि एक विचारतो, राग मानू नका. गाडी सांगलीकडून घेतली म्हणालात. इथं २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी शिरलं होतं, आणि तेव्हा बुडालेल्या बऱ्याच गाड्या धुऊन-पुसून बाहेरगावी गेल्या. बाजूच्या पॅनलमधलं युनिट खाली असतं, ते लवकर भिजतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी मातकट रेघ आहे का पाहा, सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का पाहा. तसं निघालं तर टकटक, खरखर आणि शूऽऽ तिन्हींचं मूळ एकच असू शकतं, आणि मग एकेक भाग बदलण्याआधी अख्खं युनिट उघडून धुऊन घ्या.

गळती दुरुस्त झाली की आधी व्हॅक्यूम, म्हणजे पाइपांतली हवा आणि ओल पंपानं ओढून काढायची, निदान अर्धा तास. मग गॅस वजनानं. तुमच्या गाडीत आर-१३४ए जातीचा गॅस असणार. किती ग्रॅम ते बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, आणि दोन कॉइलच्या गाडीत ते एका कॉइलच्या गाडीपेक्षा बरंच जास्त असतं. सिलिंडर काट्यावर न ठेवता नुसतं हवेच्या झडपेपुढं हात धरून ‘झालं, गार लागतंय’ म्हणणाऱ्याकडं भरू नका. जास्त झाला तरी गारवा कमीच होतो, वर कॉम्प्रेसर ठोकायला लागतो.

वळणावर पाणी डुचमळल्यासारखा आवाज येतो का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. येत असेल तर मागच्या कॉइलची पाणी जायची नळी तुंबलीय. एसी चालू असताना गाडीखाली पुढं थेंब पडतात तसे मागंही पडायला हवेत.

तुमचं युनिट छतात आहे की बाजूच्या पॅनलमध्ये, तेवढं कळवा. पॅनलच्या क्लिपा कुठून सोडायच्या ते त्याप्रमाणं सांगतो. छतातलं असेल तर स्वतः ओढाताण करू नका, कापड सुरकुततं ते परत बसत नाही.