दुकाने किशोरवयीन मुलांना नेमकी कशी हेरतात?

आपण विचारले आहे की, आपली पंधरा वर्षांची मुलगी महिन्यातून दोनदा मैत्रिणींबरोबर मॉलमध्ये जाते आणि सगळ्याजणी जवळजवळ सारखेच कपडे घेऊन येतात. तर ही त्यांची स्वतःची आवड समजायची, की दुकानदारांनी घडवलेली?

मी पुण्यात तयार कपड्यांच्या एका दुकानसाखळीत नऊ वर्षे मांडणीचे काम केले. या धंद्यात त्याला नुसते ‘व्हीएम’, म्हणजे व्हिज्युअल मर्चंडायझिंग, म्हणतात. कोणता कपडा कोणत्या टेबलावर, कोणत्या रंगाशेजारी आणि किती दिवस ठेवायचा, हे ठरवण्याचे ते काम. त्या अनुभवावरून सांगते, की आवड बहुतेक वेळा मुलांचीच असते. दुकान तिला तारीख, किंमत आणि मुदत चिकटवते.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारचा मैत्रीदिन हे त्याचे मला सर्वांत जवळून दिसलेले उदाहरण. या दिवसाची कल्पना अमेरिकेतल्या हॉलमार्क या शुभेच्छापत्रांच्या कंपनीचे संस्थापक जॉइस हॉल यांनी गेल्या शतकात पुढे आणली होती, पण तिथल्या लोकांनी ती फारशी मनावर घेतली नाही. आपल्याकडे मात्र १९७९ मध्ये सुरू झालेल्या आर्चीजसारख्या भेटवस्तूंच्या दुकानांनी आणि नव्वदच्या दशकात घरोघरी आलेल्या केबल टीव्हीने तो शाळा-कॉलेजांत पक्का रुजवला. १९९९ साली मी नववीत होते. आम्ही मुली वर्गणी काढून सॅटिनच्या रिबिनीचे रीळ आणायचो, त्याचे वीत-वीत लांबीचे तुकडे कापायचो, आणि रविवारी शाळा नसल्यामुळे शनिवारीच एकमेकींच्या मनगटावर बांधायचो. पुढच्या वर्षी दुकानात धातूची अक्षरे ओवलेले तयार पट्टे आले आणि रिबीन एकाएकी गरिबीची खूण ठरली. मैत्री आमची होती, बांधण्याची हौसही आमचीच होती. पण कोपरापर्यंत पट्टे असलेली मुलगी लोकप्रिय आणि मनगटापुरते असलेली बिचारी, हा हिशेब त्या वस्तूने शिकवला, कारण आता मैत्री मोजता येऊ लागली. माझ्या हातावर सात होते, हे मला अजून आठवते.

दुकानाच्या आत हेच काम अधिक शिस्तीने चालते. आमच्याकडे मोठ्यांच्या विभागात पुतळा एकटा उभा असे, पण कॉलेजवयीन मुलांच्या विभागात तीन-चार पुतळ्यांचा घोळका करावा लागे, कारण या वयाचे गिऱ्हाईक कपड्याबरोबर टोळकेही विकत घेत असते. नवा माल शुक्रवारी दुपारपर्यंत समोरच्या टेबलावर लागलाच पाहिजे, म्हणजे शनिवार-रविवारच्या गर्दीला तो ताजा दिसेल. एकेका मापाचे दोन-तीनच नग बाहेर ठेवायचे आणि बाकीचे मागे गोदामात, म्हणजे ‘आज घेतले नाही तर संपेल’ हे कोणी तोंडाने न सांगताही कळते. बिलाच्या रांगेशेजारी ९९ आणि १९९ रुपयांच्या क्लिपा, मोजे, लिपबाम यांच्या टोपल्या असत. त्या किमती उत्पादनखर्चावरून नव्हे, तर खाऊच्या पैशांतून खरेदीनंतर उरणाऱ्या चिल्लरीवरून ठरत. ट्रायल रूमबाहेर तिघी एकत्र मावतील एवढा आरसा लावला, तेव्हा फोटोंची गर्दी इतकी वाढली की पहारेकऱ्याला रांग लावावी लागली. तो आरसा माझीच सूचना होती, हे इथे कबूल करते.

काही ब्रँडनी याच्या नेमके उलट, दार बंद ठेवूनही गर्दी खेचली. अमेरिकेतल्या अ‍ॅबरक्रॉम्बी अँड फिच या कपड्यांच्या कंपनीचे तेव्हाचे प्रमुख माइक जेफ्रीज यांनी २००६ च्या एका मुलाखतीत उघडच सांगितले होते, की आम्हाला देखणी, मित्रांत भाव खाणारी मुले हवी आहेत आणि इतरांना आम्ही वगळतो. आपल्याकडे मुंबईत हाजी अलीजवळ १९९९ मध्ये क्रॉसरोड्स मॉल उघडला, तेव्हा काही काळ मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड असलेल्यांनाच मोकळा प्रवेश होता. बाहेर थांबवलेल्या पोराला आतले जग किती मोठे वाटले असेल!

आजची पिढी मात्र झुडिओच्या काळातली आहे. टाटा समूहातल्या ट्रेंट कंपनीचे हे दुकान २०१६ पासून आहे, बहुतेक कपडे हजार रुपयांच्या आत मिळतात आणि जाहिरातींवर त्यांचा फारसा भर नाही. तशी गरजही नाही, कारण मुलेच पिशवी रिकामी करताना व्हिडिओ काढतात. कपडे स्वस्त झाले, ही मला चांगलीच गोष्ट वाटते. पूर्वी जी मुलगी दाराबाहेर राहिली असती ती आता आत आहे. पण तोच टॉप वर्गातल्या पाचजणींकडे दिसला की तो ‘जुना’ होतो. आपल्याला दिसणारा सारखेपणा आणि सतत काहीतरी नवे घेण्याची ओढ, या दोन्ही एकाच चाकाच्या आऱ्या आहेत.

कायद्याचे म्हणाल तर, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. त्याच वर्षीच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी ऑनलाइन विक्रीत खोटी घाई निर्माण करण्यालाही अनुचित ठरवले. मी टेबलावर तीनच नग ठेवून जे करत होते, त्याला मात्र या सूचना लागू होत नाहीत.

म्हणून आपल्या मुलीला मॉलमध्ये जाऊ द्या, असेच मी म्हणेन. फक्त एकदा तिच्याबरोबर जा आणि आवडलेल्या मापाचे आणखी नग आहेत का, हे तिला दुकानातल्या मुलाला विचारू द्या. माझ्या भाचीने विचारले तेव्हा तो आत जाऊन हातभर गठ्ठाच घेऊन आला.