भांगड्याचे मूळ एका रकान्यात बसत नाही

महोत्सवाच्या अर्जात ‘उगमाचा प्रांत, सण आणि अर्थ’ या तीन रकान्यांत भांगड्याविषयी काय लिहावे, आणि ‘वैशाखीला पंजाबचे शेतकरी करतात ते प्राचीन नृत्य’ एवढे पुरेल का, असे आपण विचारले आहे. आमच्या महाविद्यालयीन संघापुढे एकेकाळी जवळजवळ असाच अर्ज आला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वैशाखी म्हणजे काय किंवा बोली (नाचताना म्हणायची छोटी लोकगीते) कशी उचलतात, हे आपल्याला ठाऊक असेल असे धरून चालतो.

आपले वाक्य चुकीचे नाही, पण ते एकाच धाग्याला लागू पडते. गव्हाच्या सुगीच्या दिवसांत रिंगण धरून नाचण्याची ती जुनी रीत मुख्यतः सियालकोट, गुजरांवाला, शेखूपुरा, गुरदासपूर आणि पंजाबातील गुजरात या जिल्ह्यांची. फाळणीत यांतला गुरदासपूरचा बराचसा भाग तेवढा भारतात राहिला. आज मंचावर दिसणारा भांगडा मात्र 1947 नंतर घडला. 1948 साली पतियाळा आणि पूर्व पंजाबातील इतर संस्थाने मिळून जे पेप्सू राज्य झाले, त्याच्या आश्रयाने सुनामचे मनोहर दीपक, त्यांचे बंधू आणि ढोलवादक भाना राम यांच्या संघाने भांगड्यात लुड्डी, झुमर आणि धमाल या इतर पंजाबी लोकनृत्यांच्या चाली गुंफल्या, आणि 1954 च्या प्रजासत्ताक दिनी हा प्रकार दिल्लीत सादर झाला. सुनाम सतलजच्या दक्षिणेकडील मालव्यात आहे, म्हणजे त्या जुन्या पट्ट्यापासून बरेच दूर. ‘उगमाचा प्रांत’ हा रकाना इथेच अपुरा पडतो.

झुमरची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. तो रावी आणि चिनाब यांच्यामधल्या सांदल बार या माळरानाचा आणि त्याच्या दक्षिणेकडील मुलखाचा. 1892 मध्ये लोअर चिनाब कालवा सुरू होईपर्यंत बारचा मोठा भाग गुराख्यांचे चराऊ रान होता. ढोलीला मध्ये घेऊन, उड्या न मारता, संथ लयीत डोलणाऱ्या या नाचाला पीककापणीचा अर्थ चिकटवणे मला अन्यायाचे वाटते. फाळणीनंतर तिकडून आलेल्या कुटुंबांनी तो फाजिल्का-अबोहरच्या बाजूला जपला.

हे सगळे आम्ही टिपणात लिहिले आणि तिथेच अडलो. ज्या सांस्कृतिक कार्यालयाकडे टिपण गेले, त्याचे नाव घेत नाही. तिथल्या अधिकाऱ्यांनी सियालकोट आणि गुजरांवाला ही नावे ‘परदेशातील’ म्हणून काढायला सांगितली, झुमरला ‘जोश नाही’ असा शेरा दिला आणि बाजीगर समाजातून आलेल्या आमच्या ढोलवादकाचे नाव कलाकारांच्या यादीतून वगळून ‘वाद्यसाहाय्य’ या एका शब्दावर आणले. खुलासा मागितला की फाइल दुसऱ्या टेबलावर गेलेली असे, आणि अखेर सादरीकरणाची तारीख निघून गेली. झुमर बसवताना मुलांनी घेतलेली मेहनत वाया गेली, याहून जास्त मला आजही सलते ती त्या ढोलवादकाच्या नावाची गोष्ट. मनोरे आणि कसरती करणाऱ्या या समाजातील ढोलींनी मंचावरच्या भांगड्याची लय घडवली, आणि कागदावर त्यांनाच जागा मिळत नाही.

म्हणून माझे मत ठाम आहे: सणापेक्षा तालावरून मूळ शोधावे. अर्थात मी अभ्यासक नाही, केवळ संघ बसवणारा माणूस आहे, आणि आपल्याकडचे नियम वेगळे असू शकतात. प्रत्येक पावलात पेरणी किंवा कापणी दाखवणारी जी स्पष्टीकरणे फिरतात, ती मला मंचासाठी नंतर जुळवलेली वाटतात. त्यांवर टिपण उभारू नका. एखाद्या जाणत्या ढोलीसमोर बसून लुड्डी, झुमर आणि धमाल एकापाठोपाठ ऐका, ढोल वाजवायच्या दोन काठ्या, जाड वाकडा डग्गा आणि बारीक तिल्ली, प्रत्येक चालीत कशा बोलतात ते पाहा. पुष्कळ काही उलगडेल. जाता जाता एक सांगतो, ध्वनिमुद्रित गाण्यावर संघ बसवू नका, कारण ढोली समोर असला की नाचणाऱ्याचा खांदा आपोआप वेगळा चालतो. आणि मुली असतील तर गिद्ध्याला भांगड्याची उपशाखा म्हणू नका. टाळ्या आणि बोलींवर उभी असलेली ती बायकांची स्वतंत्र परंपरा आहे.

अर्जात प्रांताच्या रकान्यात जिल्ह्यांची नावे लिहा. सणाच्या रकान्यात वैशाखी लिहून ‘झुमरला लागू नाही’ अशी नोंद करा. अर्थाच्या रकान्यात 1950 च्या दशकातील संघाचा उल्लेख करा आणि आपल्या ढोलवादकाचे नाव कलाकारांच्या यादीत सर्वांत वर घाला. कार्यालयाने काही काढायला सांगितले, तर ती सूचना लेखी मागून घ्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.