भावाकडे माझे जुने कागद आहेत. तो माझ्या नावावर कुणाला अमेरिकेत स्पॉन्सर करू शकेल का?

तुम्ही लिहिलंय की भावाशी सहा वर्षं बोलणं नाही, त्याच्याकडे तुमच्या पासपोर्टची, सोशल सिक्युरिटी कार्डाची आणि टॅक्सच्या कागदांची कॉपी आहे, आणि तो बायकोच्या माणसांना आणायच्या खटपटीत आहे असं कानावर आलंय. तुम्हाला रात्री झोप लागत नाही. मलाही लागत नव्हती, म्हणून लिहिते आहे.

2014 साली आईच्या ग्रीनकार्डासाठी दादाचं उत्पन्न कमी पडत होतं. मी जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे त्याच्या जोडीने हमी देणारी, झाले. आपल्या आईसाठी आय-864 वर, म्हणजे येणाऱ्याच्या खर्चाच्या हमीपत्रावर, सही करताना मी दोनदा विचार केला नाही. ग्रीनकार्ड, डब्ल्यू-2 (वर्षाच्या पगाराचा दाखला), टॅक्स रिटर्न, सगळ्याची एक फाईल करून दादाला दिली. ती परत मागावी असं कधी मनातही आलं नाही.

आई 2018 साली गेली. वर्षश्राद्धाच्या आत दादाने कराडच्या घराचं हक्कसोड पत्र पुढे केलं. "फक्त एक सही आहे" म्हणाला. मी केली नाही. बोलणं बंद झालं.

2021 मध्ये मावशीचा फोन आला. "बरं केलंस हो, वहिनीच्या आईवडिलांसाठी कागद दिलेस. रक्ताचं नातं शेवटी." मी कुणालाच काही दिलं नव्हतं. तीन वर्षांच्या अबोल्यानंतर मी वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "वन्सं, तुम्हीच सही करून पाठवलंत ना? हे तसंच म्हणाले." मी म्हटलं, मला त्या कागदाचा फोटो पाठव.

फोटो आला. फॉर्मवर माझं नाव छापलेलं, पत्ता बरोबर, 2020 चं उत्पन्न डॉलरपर्यंत बरोबर. खाली सही. मी सही मराठीत करते. 2016 साली नागरिकत्व घेताना मी सासरचं आडनाव सोडून माहेरचं लावलं, तेव्हापासून सहीही बदलली. फोटोतली सही जुन्या आडनावाची होती. शेवटच्या 'कर'मधल्या र चं शेपूट मी पूर्वी खाली ओढायची, तसंच ओढलेलं. रेघ मात्र मध्येमध्ये जाड झालेली, जुन्या सहीवर कागद ठेवून सावकाश गिरवल्यासारखी. वर नाव नवं, खाली सही जुनी. ज्या हाताने ते केलं त्याच हाताने मला लहानपणी पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलं होतं. मी त्या फोटोकडे किती वेळ बघत बसले होते, सांगता येणार नाही.

आता माझं 2020 चं रिटर्न त्यांच्याकडे गेलं कसं? टॅक्स भरून देणारा माणूस आमच्या दोघांचा एकच होता, वर्षानुवर्षांचा. दादाने मागितलं, त्याने ईमेलने पाठवून दिलं. विचारलं तर म्हणाला, "घरचेच आहेत म्हणून दिलं."

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. नुसत्या जुन्या कागदांवर भावाचं काम होणार नाही. आय-864 ला सगळ्यात ताज्या वर्षाचं टॅक्स रिटर्न किंवा ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे रिटर्नचा सरकारी उतारा, लागतं. सहा वर्षांपूर्वीच्या कागदांना कुणी विचारत नाही. खरी भीती ताजा कागद त्याच्या हाती लागण्याची आहे. तुमचा टॅक्सवाला त्याचाही असेल, तर आजच बदला आणि जुन्याला लेखी कळवा की माझा कागद कुणालाही द्यायचा नाही. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या, साइटवर तुमचं खातं नसेल तर स्वतः उघडा, म्हणजे तुमच्या नावाने दुसऱ्या कुणाला उघडणं अवघड होईल. लोक क्रेडिट फ्रीझ करायला सांगतील. करा, फुकट आहे, पण त्याने तुमच्या नावावर नवं कर्ज काढणं थांबतं, स्पॉन्सरशिप नाही. आणि आय-864 फॉर्मला नोटरी लागत नाही, सही करणारा माणूस कुणाच्या समोर उभा राहत नाही, हेही लक्षात असू द्या.

त्यांच्या व्हिसाच्या अर्जाचा केस नंबर मिळाला तर सोनं. मुंबई कॉन्सुलेटच्या केसचा नंबर बीएमबीने सुरू होतो. आमच्याकडे फॉर्म अजून अपलोड व्हायचा होता. वहिनीने तो बाजूला काढला, तिच्या चुलतभावाने स्वतःची सही दिली. तरीही मी नॅशनल व्हिसा सेंटरला, जिथे हे व्हिसाचे कागद जमा होतात, नंबर घालून पत्र लिहिलं, की या केसमध्ये मी स्पॉन्सर नाही आणि माझ्या नावाचा कागद आलाच तर ती सही माझी नाही. सोबत आजच्या सहीचा नमुना जोडला.

सगळे नातेवाईक मला म्हणाले, म्हाताऱ्या माणसांना तुझ्या नावावर येऊ दिलं असतंस तर तुझं काय गेलं असतं? काय गेलं असतं ते सांगते. आलेल्या माणसाचं उत्पन्न गरिबीरेषेच्या 125 टक्क्यांपर्यंत ठेवण्याची हमी स्पॉन्सर देतो. आलेला माणूस स्वतः त्यावर कोर्टात जाऊ शकतो. तो नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या नावावर कामाच्या 40 तिमाह्या भरेपर्यंत, किंवा तो कायमचा देश सोडेपर्यंत, किंवा मरेपर्यंत ती हमी उठत नाही. सत्तरीतली माणसं 40 तिमाह्या कुठून भरणार? भांडण झालं, बोलणं तुटलं, नवराबायकोचा घटस्फोट झाला, तरी ती तशीच राहते.

आमचे बाबा पुतण्याच्या कर्जाला पतसंस्थेत जामीन राहिले होते. पुतण्याने हप्ते थकवले आणि चार वर्षं बाबांच्या पगारातून कपात झाली. तेव्हाही सगळे "सहीच तर आहे" म्हणाले होते. दादाने ते माझ्याबरोबर त्याच घरात बसून पाहिलंय. म्हणून त्याला कळलं नसेल असं मी मानत नाही. वहिनीचे आईवडील आले याचा मला आनंदच आहे. त्यांनी मला सरळ विचारलं असतं तर कदाचित मी सहीही केली असती. मला कुणी विचारलंच नाही.

मी तक्रार केली नाही. तुम्ही करा असं मी म्हणेन. यूएससीआयएसचा, म्हणजे इमिग्रेशन खात्याचा, फसवणूक कळवायचा टिप फॉर्म आहे, आयडेंटिटी थेफ्ट डॉट गव्हवर रिपोर्ट करता येतो, आणि तो रिपोर्ट पुढे सही तुमची नव्हती हे सिद्ध करायला उपयोगी पडतो. खोटी सही तुम्हाला बांधत नाही, पण ती खोटी आहे हे दाखवायची वेळ तुमच्यावरच येते. मात्र तक्रारीचा फटका ज्यांना काहीच माहीत नाही अशा अर्जदारांनाही बसू शकतो, माझ्या बाबतीत वहिनीच्या आईवडिलांना बसला असता. मी वकील नाही. इमिग्रेशनच्या वकिलाची एक कन्सल्टेशन घ्या, मीही घेतली होती.

भावाकडे कुठल्या वर्षापर्यंतचे कागद आहेत ते आधी आठवून लिहून काढा. आणि तुमचा टॅक्स कोण भरतं ते इथे सांगा, म्हणजे पुढचं सांगता येईल.