ट्रॅकवरचं इंजिन : आधी तेलाचा दाब, मग हॉर्सपॉवर

ट्रॅक-डेसाठी, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवण्याच्या दिवसासाठी, गाडीची ताकद वाढवायची म्हणून आलेल्या प्रश्नांत दर वेळी तेच गैरसमज असतात. कुणाच्या हातात ट्यूनरचा छापील कागद असतो, कुणी मित्राच्या मित्रानं सांगितलेली युक्ती करून बसलेला असतो. यावेळचे नऊ प्रश्न घेतले आहेत. शेवटचा प्रश्न पाठवणाऱ्यानं सगळ्यांत आधी आपलंच उत्तर वाचावं.

नवी गाडी वॉरंटीत आहे. फक्त 'स्टेज १' रिमॅप केला तर वॉरंटी जाते का?
– राजारामपुरी

इंजिन आणि गिअरबॉक्सची गेली असंच धरून चाला. रिमॅप म्हणजे ईसीयूतली, इंजिन चालवणाऱ्या संगणकातली, फाइल बदलणं. 'मूळ फाइल परत टाकली की कंपनीला कळत नाही' यावर विसंबू नका. ईसीयूत किती वेळा लिहिलं गेलं याची नोंद अनेक गाड्यांत राहते.

पहिल्यांदाच ट्रॅकवर जाणार आहे. आधी इंजिनला खर्च करू की ब्रेकला?
– जयसिंगपूर

ब्रेकला. साध्या डॉट ४ फ्लुइडचा उकळबिंदू नवा असताना किमान २३० अंश धरलेला असतो, आणि ओलावा शोषल्यावर १५५. पावसाळा काढलेलं फ्लुइड घेऊन ट्रॅकवर उतरू नका. जास्त उकळबिंदूचं ताजं फ्लुइड, ट्रॅकचे पॅड आणि चांगले टायर एवढ्यावर पहिले दोन-तीन ट्रॅक-डे करा. कोणता पॅड हे गाडीचं वजन आणि टायर सांगून ब्रेकवाल्यालाच विचारा.

दोन लिटर टर्बो आहे. 'स्टेज २' करून ६० हॉर्सपॉवर वाढल्याचा डायनोचा कागद दाखवतात. विश्वास ठेवू का?
– इचलकरंजी

डायनो म्हणजे ताकद मोजणारं यंत्र. त्याच्या कागदावर कोणतं करेक्शन, म्हणजे हवेच्या तापमान-दाबाचा कोणता हिशेब, लावलंय ते आधी विचारा. एसएई जे १३४९ हे २५ अंश तापमान आणि ९९० मिलिबार दाबाला आकडा बसवतं. डीआयएन ७००२० चा आधार २० अंश आणि १०१३ मिलिबार. म्हणजे इंजिन तेच, दिवस तोच, तरी डीआयएनचा आकडा तीनेक टक्के मोठा दिसतो. 'आधी' एका करेक्शननं आणि 'नंतर' दुसऱ्यानं छापलं की काही न करता हॉर्सपॉवर वाढते. तसंच 'आधी' चाकावरची आणि 'नंतर' क्रँकवरची ताकद दाखवली जाते. दोन्ही आकडे एकाच डायनोवर, एकाच दिवशी, करेक्शनशिवाय मागा.

पण ट्रॅकवाल्यानं मागायची खरी गोष्ट वेगळी. सलग पाच पुल (डायनोवरच्या पूर्ण थ्रॉटलच्या धावा) घ्यायला सांगा, मध्ये गार होऊ न देता, आणि प्रत्येक पुलला इंटरकूलरनंतरच्या हवेचं तापमान व ठिणगीचं टायमिंग किती अंश मागे घेतलं ते छापून घ्या. पहिल्या पुलला ३५ अंशांवर असलेली हवा पाचव्याला ६५ वर गेली, की ईसीयू टायमिंग ओढून घेते आणि विकत घेतलेली ताकद तिसऱ्या लॅपला गायब होते. अशा वेळी पैसे मोठ्या इंटरकूलरला द्यायचे. पूर्ण लोडवर लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण, आकडा कमी म्हणजे इंधन जास्त) किती आहे तेही बघा. टर्बो इंजिनाला साधारण ०.७८ ते ०.८५ च्या दरम्यान हवा, त्याहून पातळ मिश्रणावर काढलेली ताकद पिस्टनच्या जिवावरची असते. कागद नीट वाचता येत नसेल तर दुसऱ्या ट्यूनरला दाखवा, ज्यानं काम केलं त्यालाच नव्हे.

फोर्ज्ड पिस्टन मागवलेत. बोअरिंग-होनिंग उद्यमनगरात करून घेतलं तर चालेल का?
– कागल

इंजिन कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि उत्तर सगळं त्यावरच आहे.

ओतीव लोखंडाचा ब्लॉक असेल, जसा ऑक्टाव्हिया आरएसच्या ईए ८८८ चा किंवा जुन्या सुप्राच्या २ जेझेडचा, तर बेधडक करा. डिझेल इंजिनांच्या कामावर पिढ्या घालवलेले हात कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आहेत, लोखंडाला त्यांच्याइतकं ओळखणारं कोण? पण निस्सान जीटी-आरच्या व्हीआर ३८ ला प्लाझ्मानं फवारलेला थर असतो, पोर्शेच्या बऱ्याच इंजिनांना निकासिल (निकेलचा कठीण थर) असतं, बीएमडब्ल्यूच्या एस ६५ चा ब्लॉक अल्युसिलचा (सिलिकॉन मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा) असतो. यांच्यावर नेहमीचा होनिंग स्टोन चालवला की ब्लॉक गेला. तो परत थर चढवून घेणं किंवा लायनर बसवणं हे वेगळं, महाग काम आहे आणि ते रोज करणाऱ्याकडेच द्यायचं.

लोखंडी ब्लॉक असला तरी तीन गोष्टी आधी ठरवा. पहिली, होनिंग टॉर्क प्लेट लावूनच. हेड कसलं की बोअर शतांश मिलिमीटरमध्ये वाकडा होतो. जाड प्लेट त्याच बोल्टनं, त्याच गॅस्केटवर, त्याच टॉर्कला कसून होन केलं तरच चालत्या इंजिनात बोअर गोल राहतो. शॉपकडे तुमच्या ब्लॉकची प्लेट नसेल तर ती बनवायला वेळ द्या, पण 'एवढ्यानं काय होतंय' म्हणून पुढे जाऊ नका. दुसरी, पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करू द्यायचा नाही. प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरनं मोजून त्याच्या नंबरच्या सिलिंडरला क्लिअरन्स द्यायचा. २६१८ मिश्रधातूचा पिस्टन ४०३२ पेक्षा जास्त फुगतो, त्याला जागा जास्त लागते. आकडा पिस्टनसोबतच्या कागदावरचा, मिस्त्रींच्या सवयीचा नव्हे. तिसरी, रिंगचा गॅप. ८२.५ मिलिमीटर बोअरच्या टर्बो इंजिनाला ट्रॅकसाठी वरच्या रिंगचा गॅप साधारण ०.४५ ते ०.५ मिलिमीटर येतो. रस्त्यावरच्या हिशेबानं कमी ठेवला, की तापल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात, रिंग बोअरला ओरखडते आणि पिस्टनची लँड (रिंगांमधली कड) उचलून निघते. रिंग पिस्टननं सरळ ढकलून बोअरमध्ये बसवा, फीलर गेजनं मोजा, आणि सगळ्या सिलिंडरचे आकडे लिहून घ्या. काम देण्याआधी पिस्टनवाल्याशी आणि शॉपच्या मालकांशी एकत्र बोला.

लांब वळणात तेलाचा लाल दिवा क्षणभर लुकलुकतो, सरळ रस्त्याला आलं की विझतो. मेकॅनिक म्हणतात अर्धा लिटर तेल जास्त घाला. बरोबर आहे का?
– ताराबाई पार्क

नाही. ट्रॅकवरची इंजिनं जातात ती बहुतेक याच कारणानं, आणि हे कारण लोक सगळ्यांत कमी मनावर घेतात, म्हणून सविस्तर लिहितो.

अर्धं भरलेलं पातेलं मांडीवर घेऊन गाडीत बसा आणि चालकाला जोरात उजवीकडे वळायला सांगा. पाणी डाव्या काठावर चढतं. गाडी १ जी नं वळत असेल तर पृष्ठभाग बरोबर ४५ अंशांत कलतो. चांगल्या टायरवर तुमची गाडी त्याच्या आसपास सहज जाते. इंजिनाच्या चेंबरमध्येही, म्हणजे खालच्या तेलाच्या भांड्यात (सम्प), हेच होतं. तेल एका भिंतीवर चढतं, काही इंजिनांत हेडकडे ढकललं जातं, आणि मध्ये असलेली, पंपासाठी तेल ओढणारी पिकअप नळी उघडी पडते. जास्त आरपीएमला पंप मिनिटाला ४०-५० लिटर तेल फिरवतो, चेंबरमध्ये असतं पाच-सहा लिटर. म्हणजे दोन-तीन सेकंद नळी उघडी राहिली तरी पंप हवा ओढून बेअरिंगला पाठवतो. गावातल्या वळणाला एवढा वेळ कधीच मिळत नाही. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटच्या १० आणि ११ नंबरच्या लांब उजव्या वळणाला तो भरपूर मिळतो.

आता तो दिवा. बहुतेक गाड्यांत त्याचा स्विच अर्धा बारच्या आसपास, म्हणजे आयडलिंगच्या हिशेबानं बसवलेला असतो. जुना ठोकताळा सांगतो की दर हजार आरपीएमला १० पीएसआय दाब हवा. ७ हजारला ७० पीएसआय, म्हणजे जवळपास ४.८ बार. तुमच्या इंजिनाचा आकडा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बघा, पण हिशेब लक्षात घ्या. जिथे चार-पाच बार हवेत तिथे अर्धा बारही उरला नाही तेव्हा तो दिवा लागला. तो लुकलुकला तेव्हा नुकसान सुरू होऊन गेलेलं होतं. त्याआधी किती वळणांना दाब दोन बारवर आला असेल ते दिव्याला कळतच नाही.

जास्तीचं तेल हा उपाय का नाही? डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरणं ठीक, ट्रॅकवर तेवढं असायलाच हवं. त्यावर अर्धा लिटर गेलं की क्रँकची वजनं तेलात आपटतात, फेस होतो, आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच. ब्रीदरमधून तेल इनटेकमध्ये जातं, जळतं, ऑक्टेन खाली आणतं आणि नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून बसणारे ठोके) सुरू होतं. जाड तेल घालूनही हे थांबत नाही. पिकअपपाशी तेलच नसेल तर त्याचा जाडपणा काय करणार?

आता करायचं काय. गाडी ट्रॅकवर नेणं थांबवा. तेल काढा, फिल्टर कापा, कागदाच्या घड्या पसरून उजेडात धरा. लोहचुंबकाला चिकटतो तो लोखंडाचा भुगा. चिकटत नाही आणि तांबूस किंवा रुपेरी चमकतो तो बेअरिंगचा. तसं काही दिसलं किंवा शंका राहिली तरी चेंबर उतरवून बिग-एंडच्या (रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या) एक-दोन कॅप खोला. चांगलं मेटल, म्हणजे बेअरिंगची शेल, सगळीकडे एकसारखं, मंद राखाडी असतं. वरच्या अर्ध्या शेलवर मधोमध तांब्याचा गुलाबी पट्टा दिसला की वरचा थर गेला, सेट बदलायचा. रॉडचे टॉर्क-टू-यील्ड बोल्ट एकदा खोलले की पुन्हा वापरायचे नाहीत. क्लिअरन्सचा ठोकताळा जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या भागाच्या) व्यासाच्या दर इंचाला हजारांश इंच, म्हणजे ५० मिलिमीटर जर्नलला ०.०५ मिलिमीटर. नेमका आकडा मॅन्युअलचाच.

मग कायमचा उपाय, क्रमानं. दाब आणि तापमान दोन्हीचे सेन्सर, लॉगरला जोडलेले, कारण गाडी चालवताना गेजकडे बघायला वेळ नसतो. एकाच दिशेनं उघडणाऱ्या झडपांचा बॅफल (तेल अडवणारा पडदा) असलेला चेंबर आणि विंडेज ट्रे (क्रँक आणि तेल यांच्या मधला पत्रा). लॉगमध्ये तरीही दाब पडताना दिसला तर अ‍ॅक्युसम्प. ही दाबाखाली दोन-तीन लिटर तेल साठवणारी टाकी दाब पडला की ते गॅलरीत सोडते आणि ते काही सेकंद निभावून नेते. स्लिक टायर आणि स्पर्धा असेल तर ड्राय सम्प, म्हणजे तेल इंजिनाखाली न ठेवता वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना. पोर्शे जीटी ३ ला तो कारखान्यातूनच येतो, तो का दिला असेल याचा विचार करा. तेलाचं तापमान १०० ते १२० अंश चांगलं, १३५ पुढे गेलं की लॅप सोडून गार करा. ऑइल कूलर थर्मोस्टॅट असलेल्या प्लेटसकट बसवा, नाहीतर थंडीतल्या सकाळी तेल तापतच नाही. यातलं तुमच्या इंजिनाला किती लागेल हे ते इंजिन ट्रॅकवर चालवलेल्या बिल्डरला लॉग दाखवून ठरवा. हॉर्सपॉवरचं बोलणं त्यानंतर.

शंभर ऑक्टेन पेट्रोल टाकलं तर ताकद वाढते का? आणि ई-२० नं इंजिनाला काही होईल?
– गडहिंग्लज

ईसीयूचा मॅप ९५ ऑक्टेनचा असेल तर शंभरानं ताकद जवळपास वाढत नाही, फक्त नॉकिंगपासून जास्त अंतर मिळतं. उन्हाळ्यात ट्रॅकवर तेवढंही मोलाचं आहे. मात्र शंभरावर मॅप करून घ्यायचं आणि घरच्या पंपावर साधं टाकायचं, हे करू नका. ऑक्टेन बूस्टरच्या बाटलीवर '१० पॉइंट' लिहिलेलं असतं, ते १० ऑक्टेन नव्हेत. तिथे १० पॉइंट म्हणजे एक ऑक्टेन.

ई-२० चं, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचं : शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९, त्यामुळे ई-२० ला साडेतेराच्या आसपास. तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. वाढवलेल्या बूस्टवर इंजेक्टर आधीच क्षमतेच्या ८५ टक्क्यांच्या वर चालत असतील तर वरच्या आरपीएमला मिश्रण पातळ होईल. परदेशातून मागवलेली तयार फाइल आपल्या पेट्रोलसाठी लिहिलेली नसते. होज आणि सील ई-२० चालणारे आहेत का ते कंपनीला विचारा, आणि मॅप इथल्या पेट्रोलवर, वाइडबँड (धुरातून मिश्रण मोजणारा सेन्सर) लावून तपासून घ्या.

गाडी गरम होते. थर्मोस्टॅट काढून टाकला तर?
– शिरोली

काढू नका. इंजिन कधी थंड, कधी गरम राहील आणि मूळ कारण झाकलं जाईल. रेडिएटरची जाळी, पंख्याची शीट, कॅपचा दाब आणि हेड गॅस्केट या क्रमानं तपासून घ्या. ऊस हंगामात रस्त्यावरची पाचट आणि धूळ रेडिएटर आणि इंटरकूलरच्या मधल्या फटीत बसते. पुढून स्वच्छ दिसली तरी दोन्ही वेगळे करूनच साफ करा.

ट्रॅकसाठी बदललेलं इंजिन एमएच ०९ पासिंगच्या गाडीत रस्त्यावर चालेल का? विमा मिळेल का?
– नागाळा पार्क

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदलायला नोंदणी प्राधिकाऱ्याची परवानगी लागते, ती कामाआधी आरटीओत लेखी विचारा. नेहमीच्या मोटार पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. एजंटच्या तोंडी 'चालतंय की' वर राहू नका, पॉलिसीतलं कलम वाचा.

फोर्ज्ड पिस्टन बसवल्यापासून, म्हणजे दिवाळीपासून, टकटक येते. सगळे म्हणतात फोर्ज्डला आवाज असतोच. मार्चमधला ट्रॅक-डे करून मग उघडू का?
– उचगाव

दिवाळीपासून? इतके दिवस थांबायला नको होतं.

२६१८ पिस्टनचा आवाज थंड इंजिनाला येतो आणि तेल तापलं की जातो. तुमची टकटक तापल्यावर वाढते का, दोन-तीन हजार आरपीएमला हलक्या थ्रॉटलवर जड, खोल ऐकू येते का? तसं असेल तर ते बिग-एंडचं मेटल. कॉम्प्रेशन किंवा लीक-डाउन चांगलं आलं म्हणून निश्चिंत होऊ नका, ती चाचणी रिंग आणि व्हॉल्व्ह सांगते, बेअरिंग नाही. आज मेटल आणि क्रँक पॉलिशवर भागेल, ट्रॅक-डेनंतर रॉड ब्लॉकला भोक पाडून बाहेर येईल आणि त्यातलं तेल तुमच्याच मागच्या टायरखाली सांडेल.

इंजिन पुन्हा सुरू करू नका. गाडी फ्लॅटबेडवर घालून ज्यांनी बांधलं त्यांच्याकडे न्या, आणि फिल्टर तुमच्यासमोर कापायला सांगा.